सहासष्ट फुले

शिक्षकावर अप्रामाणिकपणाचा आळ आला की तो त्याच्या एकट्याचा राहत नाही. ज्या मुलांच्या हाती त्याने पाटी दिली, त्यांच्या प्रत्येक अक्षरावर त्याची सावली पडते. मुलांना आपली बाजू मांडता येत नाही. ती मांडणे हे वडीलधाऱ्यांवरचे ऋण असते, आणि गास गावाजवळच्या त्या सरकारी प्राथमिक शाळेत हे ऋण फेडायला कोणी तयार नव्हते.

म्हणून मर्सी तुस्कानो या तिसरीच्या बाई एव्हरशाईन सिटी या वसाहतीतल्या क्षितिजा चुरीच्या कचेरीत येऊन बसल्या होत्या. खाजगी तपास हा क्षितिजाचा व्यवसाय, आणि निवृत्तीनंतर तिच्या मदतीला आलेले हरेश्वरमामा ही तिची एकुलती एक फौज.

"गुणवत्ता चाचणीत मी मुलांना उत्तरं सांगितली, असं केंद्रप्रमुख म्हणतात," मर्सीबाई म्हणाल्या. "उद्या दुपारी अहवाल वर जाणार. मग निलंबन."

"पुरावा?"

त्यांनी प्रश्न सांगितला. आईने चाफ्याचे दहाचे सहा पुडे बांधले. एकूण फुले किती? अर्ध्या वर्गाने सहासष्ट लिहिले होते. पुढचा प्रश्न, शंभर फुलांचे असे पुडे किती होतील? त्याच मुलांनी नऊ लिहिले होते.

"सगळ्यांची चूक एकच," हरेश्वरमामा हळहळले. "हे वाईट दिसतं हो, बाई."

"सांगायचंच असतं तर बरोबर नसतं का सांगितलं, काका?"

क्षितिजाने विचारले, "तुमचं गाव हेच का?"

"नाही, मी किल्ल्याकडची. माहेरी सगळे बँकेत नाहीतर शाळेत. इथं यंदाच बदली झाली."

शाळेत मुख्याध्यापक दिनानाथ सरांनी उत्तरपत्रिका पुढे ठेवल्या. ते त्रासलेले होते. "प्रश्न मीच काढला. मुलांच्या ओळखीचं काहीतरी असावं म्हणून चाफा घातला. आता वाटतं, आंबेच घातले असते तर बरं झालं असतं."

"मुलं शेजारी बसली होती?"

"छे. दोन खोल्यांत विभागून बसवली होती. एका खोलीत मी स्वतः होतो, तिथेही सहासष्टच."

"मग तुमच्या खोलीतल्या मुलांना बाईंनी कसं सांगितलं?"

"केंद्रप्रमुख म्हणतात, आदल्या दिवशी पाठ करून घेतलं."

केंद्रप्रमुख विघ्नेश सर तिथेच होते. त्यांनी कॅल्विन नावाच्या मुलाची पत्रिका उचलली. "हे बघा. नऊच्या शेजारी काय काढलंय? क्रूस. खुणेची भाषा आहे ही. बाई आपल्या समाजाच्या मुलांना पुढे काढतायत."

मर्सीबाईंनी ती पत्रिका त्यांच्या हातून घेऊन पुन्हा गठ्ठ्यात ठेवली.

"याच चाचणीत दहा-दहा वह्यांच्या गठ्ठ्यांचंही असंच गणित दिसतंय. ते?" क्षितिजाने विचारले.

"ते याच मुलांनी बरोबर सोडवलंय," दिनानाथ सर म्हणाले. "तेच तर कळत नाही."

मुलांना विचारून काही निघेना. सहासष्ट कोणी सांगितले, या प्रश्नाला कॅल्विन जमिनीकडे पाहत एवढेच म्हणाला, "कोनी नाय. तसंच असतं."

दुपारभर हरेश्वरमामा वर्गाची वाटणी करीत बसले. धर्माप्रमाणे केली, जमली नाही. सहासष्टवाल्यांत कॅल्विन होता, तशी उत्तरेकडून येऊन इथली बाग राखणाऱ्याची मुलगी रीमाही होती. घरच्या भाषेप्रमाणे केली, फसली. आईवडिलांच्या शिक्षणाप्रमाणे केली, तीही फसली. मुंबईत नोकरी करणाऱ्या बापाची ॲनिशा कॅल्विनच्याच आळीतली, आणि तिचे उत्तर अचूक साठ.

"डोकं पिकलं माझं," ते म्हणाले. "शाळेचा निकाल समजायला अख्खा गाव कापून पाहिला. हाती काही लागत नाही."

"चाकू बरोबर आहे, मामा. कापायची जागा चुकतेय. चला, कॅल्विनच्या घरी."

कॅल्विनची आई विनी अंगणात चाफा निवडत होती. पलीकडे रीमाची आई पुडे बांधत होती. देवाला हवा म्हणून मामांनी दहाचा पुडा घेतला आणि सवयीने मोजला. एक फूल जास्त निघाले. प्रामाणिकपणे ते परत करू लागले, तर विनी हसली.

"राहू द्या, काका. तुमचंच आहे ते."

मामांना ती उदार वाटली. क्षितिजा मात्र रीमाच्या आईचे पुडे बांधणारे हात पाहत होती.

दुसऱ्या दिवशी अहवालाच्या आधी तिने विघ्नेश सरांच्या टेबलावर चाफ्याचा ढीग ओतला. "कॅल्विन, दहाचा पुडा बांध."

मुलाने भराभर फुले वेचून पानात गुंडाळली. विघ्नेश सरांनी सोडून मोजली. "अकरा. एक जास्त झालं."

"नाय, सर. दहाचाच हाय. वरचं फूल मोजायचं नसतं."

"बाजारात पोचेपर्यंत एखादं फूल कोमेजतं," क्षितिजा म्हणाली. "म्हणून इथले बागवाले दर दहांवर एक घालतात आणि दहाच म्हणतात. काल मामांनी परत करू पाहिलं ते हेच. दहाचे सहा पुडे म्हणजे सहासष्ट फुलं. शंभरांत असे नऊच पुडे होतात आणि एक फूल उरतं. वह्यांवर वरची वही कोणी देत नाही, म्हणून ते गणित बरोबर आलं. तुम्ही मुलांचा समाज पाहिलात, आम्ही घरची भाषा पाहिली. विचारायचं होतं, कोणाच्या घरी पुडे बांधतात. रीमाकडे बांधतात, ॲनिशाकडे नाहीत. दोन खोल्यांतली मुलं एकमेकांचं पाहत नव्हती, सर. आपापल्या आयांचे हात आठवत होती."

"आणि हा क्रूस?" विघ्नेश सरांचा स्वर उतरला होता.

"सांग, कॅल्विन."

"उरलेलं फूल आई नाक्यावरच्या क्रुसाला वाहते."

"आमच्याकडं देवीला," दारातून रीमा म्हणाली.

विघ्नेश सरांनी अहवालातले आरोपाचे पान काढून फाडले. "गुण मात्र देता येणार नाहीत. नियमाने उत्तर साठच. शाळेचा निकाल खालीच राहील."

"राहू दे, सर," मर्सीबाई म्हणाल्या. "साठ मी शिकवीन. सहासष्ट का आलं, तेही सांगेन."

परतताना मामा रिक्षात कुरकुरले, "एवढ्या शहाण्यांत एकानेही पोरांना जवळ घेऊन पुडा बांधायला सांगू नये?"

नाक्यावरच्या क्रुसापाशी मामांनी रिक्षा थांबविली आणि पिशवीतल्या, कॅल्विनने बांधलेल्या पुड्यातले वरचे फूल तिथे वाहिले. ज्या हातांनी ती फुले बांधली, ज्या मुलांनी ती मोजली आणि ज्यांना ती उशिरा मोजता आली, त्या सर्वांचे मंगल होवो.