हात न लावता

“आधी घड्याळ काढा,” मागून आवाज आला.

नवी डॉक्टर बेसिनपाशी थबकली. मास्कच्या वरून दोन मिश्किल डोळे तिच्याकडे बघत होते.

“तुम्ही कोण मला सांगणार?”

“या खोलीतला सगळ्यात वजनदार माणूस. बाकीचे सगळे दीड किलोच्या आतले आहेत.”

तो तिथला ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स होता. दिवस भरायच्या आधीच जन्मलेल्या बाळांना सांभाळण्यात त्याचा हातखंडा. तिला राग आला खरा, पण कोपरापर्यंत साबण चोळताना हसूही आवरेना. असल्या माणसावर कुणी रागवावं तरी कसं?

त्याच आठवड्यात काचेच्या पेटीतलं एक बाळ श्वास घ्यायला विसरलं. इतकी लहान बाळं विसरतात. मॉनिटर वाजला, ही धावली, तर त्याने हळूच हात आडवा धरला.

“लगेच हात लावू नका. क्षणभर थांबा... त्याचं त्याला आठवेल. नाहीच आठवलं, तर पायाच्या तळव्याला हलकंसं बोट लावायचं.”

बाळाची छाती हलली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. मग लक्षात आलं, त्याचा हात अजून तिच्या मनगटापाशीच होता. त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो उगाचच नळ्या तपासायला लागला.

मग काय, पेटीच्या दोन बाजूंना उभं राहून गप्पा रंगू लागल्या. तिथे मोठ्याने बोलायची सोय नाही. त्यामुळे साधं “जेवलात का?” सुद्धा गुपित सांगितल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी बाळाला नळीतून दूध देता देता तो म्हणाला, “दूरच्या एका हॉस्पिटलने बोलावलंय. घरचेही मागे लागलेत. तिथली एक मुलगी बघून ठेवलीये म्हणे.”

“मग?”

“मग... तुम्ही जाऊ नका म्हणालात, तर नाही जाणार.”

‘थांबा’ हा शब्द तिच्या अगदी ओठांवर आला होता. पण बाईसाहेबांनी त्याची शिकवण भलत्याच ठिकाणी लावली. वाटलं, आपण हात लावायला नको... मनापासून असेल, तर तो आपणहून थांबेल.

“तुम्हाला योग्य वाटेल ते करा,” ती म्हणाली.

“बरं,” म्हणत तो पुन्हा दुधाच्या नळीकडे वळला.

पुढे तो पूर्वीसारखाच थट्टामस्करी करत राहिला, जाण्याचं नावही काढेना. याचा अर्थ तो राहणार, असं तिने धरून टाकलं. निरोपाचा केक आला तेव्हा कुठे तिचे डोळे उघडले. तिने त्याला जिन्यात गाठलं.

“जाऊ नका,” ती म्हणाली, पहिल्यांदाच मोठ्याने. “मला तुम्ही हवे आहात. मला वाटलं होतं, तुम्ही थांबाल.”

“मी राजीनामा दिल्यावरही रोज वाट बघितली हो, डॉक्टर. शेवटी काल घरच्यांना हो म्हटलं... त्या मुलीलाही शब्द दिला.”

“मी एक दिवस आधी बोलले असते, तर?”

“तर आत्ता भरलेली बॅग रिकामी करत असतो.” त्याने हसायचा प्रयत्न केला. “आता तिला कुठल्या तोंडाने नाही म्हणू?”

तो चार पायऱ्या उतरला आणि वळला.

“खिडकीजवळचं बाळ तुमच्या आवाजाने शांत होतं. बोलत जा त्याच्याशी.”

ती वर आली, हात धुतले आणि खिडकीजवळच्या पेटीपाशी जाऊन उभी राहिली. बोलायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. बाळं झोपली होती, म्हणून ती आवाज न करता रडली.