बाबांच्या नावानं आलेली चालानं

चैतरामने आपली जुनी गाडी उन्हाळ्यात सौंदडच्या रोशनला विकली, पण कागदोपत्री ती राहिली चैतरामच्याच नावावर. त्यामुळे गोंदियाच्या चौकात सीटबेल्ट लावला नाही रोशनने, आणि चालान आलं गोरेगावला चैतरामच्या फोनवर! बाबांचे मेसेज वाचायचं काम दुर्गेश्वरीचं. तिने चालानातला फोटो उघडला. काचेआड एक सावळा, बरा दिसणारा तरुण... बरा दिसतो म्हणून काय झालं? तिने तडक फोन लावला.

“बेल्ट लावाले हात दुखतेत का तुमचे? आमच्या बाबाले कायले दंड?”

“भरून टाकतो जी... पन तुम्ही कोन?”

“चैतरामची पोरगी. तुम्ही गाडी चालवून राहिले काय आता?”

“नाही जी, घरीच आहो. बोला... आरामात बोला.”

ती बोलली. चांगली दहा मिनिटं बोलली. दंड त्याने त्याच दिवशी भरला. गाडी नावावर करायला मात्र ‘पुढच्या आठवड्यात येतो’ म्हणाला, आणि आठवड्याने तो आला नाही, दुसरं चालान आलं. गाडी चालवताना फोनवर बोलणे! फोटोत रोशन फोन कानाला लावून हसत होता. तिने पुन्हा झापलं. मग तिसरं आलं, मग चौथं. सगळ्यांत तोच फोन, तेच हसू.

एव्हाना तिच्या झापण्यात धानाची रोवणी, त्याच्या आईचे गुडघे, तिची परीक्षा असं काय काय शिरलं होतं. त्याचा आवाज ऐकला की तिला दिवसभर बरं वाटायचं. म्हणूनच ते फोटो खुपू लागले. कुणाशी बोलताना माणूस एवढा खुलतो? आणि कागदांसाठी ही टाळाटाळ कशाला? याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे, हे तिने ठरवूनच टाकलं.

बाजाराच्या दिवशी तिने त्याला गोरेगावला बोलावून घेतलं. बाबांच्या सहीचे कागद पिशवीत होते. त्यावर रोशनची सही झाली की त्याला फोन करायला निमित्तच उरणार नव्हतं. पण संशय गप्प बसू देईना. तो गाडीतून उतरला, तिला पाहून हसला... अगदी फोटोतल्यासारखा. तिने मोबाईल त्याच्यापुढे धरला.

“कोन आहे थे, जिच्याशी हासून हासून बोलता? खोटं नोका बोलू.”

रोशन लाजला. त्याने तिच्याच फोनमधली कॉलची यादी उघडली. दहा वाजून वीस मिनिटांचं चालान... आणि सव्वादहाला तिचाच फोन. पुढचं चालान, पुन्हा तिचाच. तिसऱ्या वेळीही तीच!

“पन... तुम्ही त घरी होते ना?”

“गाडीत आहो म्हनलं असतं, त ठेवला असता तुम्ही फोन.”

“अन् कागद?”

“गाडी माह्या नावावर झाल्यावर कायले केला असता तुम्ही फोन?”

म्हणजे बाबांच्या नावावरची ती तीन चालानं तिच्याच बडबडीची! राग यायला हवा होता, पण तिला इतका आनंद झाला की कानशिलं तापली. तरी तिने कागद पुढे केले.

“सही करा.”

त्याचा चेहरा उतरला. बोनेटवर कागद ठेवून, एकेक अक्षर लांबवत त्याने सही केली. तिने कागद पिशवीत घातले.

“आता गाडी चालवताना माहा फोन आला, त उचलाचा नाही.”

“मंग?”

“मंग...” ती भाजीच्या दुकानांकडे पाहत राहिली. “गाडी सीधी आमच्या दारात आनून थांबवाची. अन् जे बोलाचं, थे बाबाशी बोलाचं.”