पळवलेल्या मुलीच्या चपला

जपानमधल्या ओनोमिची गावात, उतारावरच्या सार्वजनिक न्हाणीघरातून कुणीतरी चिझुरूच्या चपला चुकून घालून गेलं, आणि सगळं तिथून सुरू झालं. बाहेर भुरभुर पाऊस. न्हाणीघर चालवणाऱ्या क्योहेईनं स्वतःच्या लाकडी खडावा तिच्यापुढे ठेवल्या, दाराकडे तोंड करून, पाय सरकवला की झालं. तिला त्या होडीएवढ्या झाल्या.

"आणि तुम्ही?"

"मी... घरीच तर आहे."

खडावा परत करायला ती आली, मग काही ना काही निमित्तानं येतच राहिली. बंदरावरची माणसं ज्यांचं नाव दबक्या आवाजात घेतात, त्या टोळीप्रमुख कुरामोचींची ही लेक, हे कळलं तेव्हा क्योहेईच्या हातची बादली सुटली. पण तोवर त्याचा जीव जडला होता.

अन् कुरामोचींनी तिचं लग्न कोबे शहरातल्या टोळीत ठरवलं. नाही म्हणावं तर दोन घराण्यांत वैर. चिझुरूनं डोकं लढवलं.

"मला पळवून न्या. खोटंखोटं. ज्याला स्वतःची पोरगी सांभाळता येत नाही, त्याच्याशी सोयरीक कोबेवाले आपणहून मोडतील."

"तुझ्या बाबांना कळलं तर टोळीच्या रिवाजानं माझी करंगळी छाटली जाईल."

"मग उरलेल्या बोटांवर मी भागवेन," ती म्हणाली, आणि त्याची करंगळी हलकेच धरली.

क्योहेईनं तिला मागच्या खोलीत डांबलं, म्हणजे रजई दिली, गरम नूडल्स दिल्या. मग कुरामोचींना धमकीचा फोन केला. पण वळण कुठे जाणार? जेवणाच्या वेळी त्रास देतोय, माफ करा, इथूनच त्यानं सुरुवात केली. चिझुरूनं कपाळावर हात मारला.

त्यात फोनवर मागून बादल्यांचा खणखणाट. टोळीवाल्यांसारख्या गोंदवलेल्या अंगाच्या माणसांना आत घेणारं न्हाणीघर गावात हे एकच, कुरामोची स्वतः तिथलेच गिऱ्हाईक, त्यांनी तो आवाज लगेच ओळखला. थोड्याच वेळात ते माणसांसह हजर झाले. दारात सगळ्या गुंडांनी निमूट बूट काढले. कुरामोची मात्र खाली बघत थबकले. क्योहेईच्या खडावांशेजारी चिझुरूच्या नव्या चपला होत्या, जोडीनं, दाराकडे तोंड करून.

"पळवून आणलेल्या पोरीच्या चपला कोण अशा लावून ठेवतं?"

क्योहेईचा चेहरा पांढराफटक पडला. चिझुरू पुढे आली.

"बाबा, त्यानं नाही, मीच त्याला पळवलंय. माझं प्रेम आहे त्याच्यावर. कोबेचा तो मुलगा आपल्या दारात बूट भिरकावून आत आला, आईनं वाकून उचलले. तुम्ही पाहिलंत ना?"

पाहिलं होतं. कुरामोची माणसांकडे वळून म्हणाले, कोबेला कळवा, पोरगी अजून सापडलेली नाही.

ते जायला वळले, तर त्यांचे आणि झाडून सगळ्या गुंडांचे बूट ओळीनं दाराकडे तोंड करून लावलेले. घाबरलेल्या क्योहेईचे हात तेवढ्यातही गप्प बसले नव्हते.

"रविवारी जेवायला ये," बूट चढवत कुरामोची क्योहेईला म्हणाले. "आणि पुन्हा धमकी देताना माफी मागू नकोस. आता आमच्या घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे."