कोरून ठेवलेलं पान

बसा जवळ. माणूस माझ्या ओळखीचा, म्हणून सांगतोय. उगीच घाबरवायला नाही.

दोघे भाऊ. पोलादात चांदीची तार बसवायचे. थोरला छिन्नीने बारीक खाच कोरायचा. खाच तळाशी जरा रुंद लागते, म्हणजे ठोकलेली तार आत घट्ट बसते, पुन्हा वर येत नाही. ठोकायचं काम धाकट्याचं, म्हणून सगळे त्याला ठोक्याच म्हणायचे. जन्मभर हेच. थोरल्याने कोरायचं, याने भरायचं.

थोरला गेला तेव्हा लेकीसाठी घेतलेल्या डब्याच्या झाकणावर वेलीचं शेवटचं पान राहिलं होतं. काम अर्धं टाकून भाऊ गेला, ही रुखरुख ठोक्याला झोपू देईना. लेक माहेरी आलेली, रविवारी सकाळी सासरी निघायची होती. शनिवारी संध्याकाळी ती म्हणाली, "काका, बाबांचं झाकण तेवढं पुरं करून द्या ना."

"अगं, मी ठोक्या. मला कोरायला कुठं येतंय?"

"मग काय समोरच्या शिंप्याला सांगू?"

हसला बिचारा. जेवून कारखान्यात गेला, दिवा लावला.

खाच उथळ झाली. तार ठोकली, उठली. परत ठोकली, परत उठली. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. शेवटी काय केलं असेल? गोंदाने चिकटवली. भावाच्या कामात गोंद! तिथेच बाकावर डोकं टेकलं.

रात्रीचा एक वाजून गेला असेल. टिक... टिक... टिक.

छिन्नी.

दिवा विझलेला. हा उठला नाही. दमलेल्या माणसाला भीतीसुद्धा उशिरा वाटते रे.

आवाज थांबला. झाकण हाताशी सरकलं... आपणहून.

अंधारात बोट फिरवलं. गोंद नाही. तार नाही. खोल खाच. तळाशी रुंद.

याने तार चाचपली. हातोडी घेतली. ठोकलं. सवयीने.

"झालं, दादा. आता पड जरा."

समोरचं थोरल्याचं स्टूल एकदा करकरलं. बस.

सकाळी लेक झाकण घेऊन गेली. पान असं बसलेलं, की नख अडकेना. सुटला भाऊ, असं म्हणून ठोक्या त्या दिवशी पार दिवेलागणीपर्यंत झोपला. कित्येक दिवसांनी.

पुढच्याच आठवड्यात तिचा फोन आला. "काका, एक पान राहिलंय."

"नाही गं. माझ्या हाताने भरलंय मी."

"ते आहे हो. त्याच्या पुढे अजून एक आहे. नुसतं कोरलेलं."

याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काका?... ऐकताय ना? टेबलावर काळी भुकटी सांडलीय. पोलादाची. आणि मी रात्री झोपताना टेबल पुसलं होतं..."