वैजीनाथांच्या हाडांचा फोटो

पूर्णा जंक्शनवर रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या तीस वर्षं ठोकून वैजीनाथ निवृत्त झाले, ते एक ठाम मत घेऊन: दोष असला की तो दिसतोच, दिसला नाही, तर तपासणाऱ्याचे डोळे तपासावेत. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली होती. एक्क्याण्णव साली कंबर धरली, तेव्हा रेल्वेच्या पासावर त्यांनी हैदराबादचा एक मोठा दवाखाना गाठला. तिथं शिरेत किरणोत्सर्गी औषधाची सुई दिली, तीन तास पाणी पाजलं आणि हाडांचा फोटो काढला. कण्यावर दोन आणि खुब्यात एक, असे काळे ठिपके आले. कॅन्सर परतला होता.

"रूळ असता तर बदलून टाकला असता," वैजीनाथ म्हणाले. डॉक्टर हसले नाहीत.

घरी त्यांच्या बायकोनं, बायनाबाईंनी, फोटोची ती फिल्म खिडकीच्या फुटक्या तावदानाच्या जागी लावली. एवढी महाग वस्तू, वाया कशाला घालवा? रोज सकाळी त्या फिल्मवरून हात उतरवायच्या आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायच्या.

"अगं, माणूस हितं बसलाय. फोटोची अलाबला काय घ्यायलीस?"

"तुमी कधी घेऊ देता का? फोटू तरी गप ऱ्हातो."

महिन्याभरात खुब्यातला ठिपका फिका पडला. वैजीनाथांनी उन्हाला दोष दिला. मग कण्यावरचा एक गेला. दिवाळीला उरलेलाही. त्यांची कंबर दुखायची थांबली, भाकरी गोड लागू लागली. बायनाबाई मात्र भिंतीला धरून उठायच्या.

"काय झालं गं?"

"काई न्हाई. वय झालंय."

दुसऱ्या तपासणीला दोघंही गेले. तीच सुई, तेवढंच पाणी. फिल्म आली ती कोरी. ठिपके नव्हते.

हाडंही नव्हती.

"चाचा, सुई लगीच नै तुमारेकू," फोटो काढणारा वैतागला. अंगात औषध असलं की टिकटिकणारं एक छोटं यंत्र त्यानं आणलं. वैजीनाथांच्या छातीवर धरलं, खुब्यावर धरलं. आवाज नाही.

यंत्र बिघडलंय म्हणत, ते बदलायला तो बाहेर पडला.

बाहेर बाकावर बायनाबाई बसल्या होत्या. त्यांना कुणी सुई दिली नव्हती.

टिक. टिक. मग दोन टिकटिकींमध्ये फटच उरली नाही.

टेबलावर पडल्या पडल्या वैजीनाथांना बायकोचा दबका आवाज आला, "बाळा, हळू वाजीव की त्याला. ह्यांना ऐकू जाईल."