मागचा डावा स्पीकर

मुलांनो, डोळे मिटा आणि एक खोली समोर आणा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावरची वाडी, सारवलेली जमीन, दारातून येणारं दुपारचं ऊन, आणि चार कोपऱ्यांत जमिनीवर ठेवलेले चार स्पीकर. मधोमध चटईवर आठ वर्षांची मीना.

दुरुस्तीवाला काशीराम महाडहून एसटीने आला होता, मग तासभर चढला होता. पाय भरून आले होते. मीनाच्या बापाने, राजूने, मुंबईहून होम थिएटर पाठवलं होतं. त्याचा मागचा डावा स्पीकर नीट वाजत नव्हता.

"राजू म्हणला, आवाज चहूकडनं येतो," राजूची आई चंद्राबाई म्हणाली. "हितनं येत नाय."

काशीरामने नेहमीप्रमाणे दोन्ही मागच्या स्पीकरांची अदलाबदल केली. बिघाड स्पीकरबरोबर जायला हवा होता. तो कोपऱ्यातच राहिला. वायर बदलली. तरी तेच. आवाज फाटका नव्हता. समोर कुणी पाठ टेकून बसावं, तसा दबका होता.

स्पीकरपुढे घोंगड्याची घडी होती.

"आजी, हे उचला. आवाज अडतोय."

"नको रे बाबा. त्यांची जागा हाय ती."

तिचे यजमान कोंडाजी भादव्यात चुकलेली म्हैस शोधायला रानात गेले, ते आलेच नाहीत. म्हैस तिसऱ्या दिवशी आपली आपण आली. आता माघ लागला होता. लोक म्हणत, दिवस घाला. चंद्राबाई रोज कुंकू लावून वाट बघत होती. त्या जागी कुणी बसत नसे.

काशीराम दमला होता. त्याने स्वतःच घोंगडं उचललं. त्या कोपऱ्यात ऊन पोचत नव्हतं.

घोंगडं ऊबदार होतं.

आवाज तसाच दबका.

"आजा उठल्याबिगर कसा येल?" मीना म्हणाली.

"गप गो!" चंद्राबाई म्हणाली.

मग ती कोपऱ्याकडे वळली. हळूच म्हणाली, "कवापासनं बसलाय गो?"

"म्हस आली त्या दिसापासनं."

काशीरामने घोंगडं खाली ठेवलं. हात विजारीला पुसला.

चंद्राबाईने पदराचं टोक कपाळाकडे नेलं. कुंकू पुसलं.

"उठा आता," ती म्हणाली.

मागचा डावा स्पीकर खणखणीत वाजू लागला.

आणि मीनाने चटईवर जरा सरकून शेजारी जागा केली.