चाल वळते तिथे

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासताना तिने ज्या गिऱ्हाइकाला “हलू नका” म्हणून सकाळी दटावलं होतं, तोच संध्याकाळी तालमीच्या खोलीत पियानोवर बसलेला दिसला आणि ती दारातच थबकली. बँडचा नेहमीचा पियानोवाला तापाने आडवा झाला होता. हा त्याच्या जागी आलेला.

“आता हललं तर चालेल ना?” त्याने हळूच विचारलं. ती हसू दाबत सॅक्सोफोनची पेटी उघडायला लागली.

बँड तिच्या ताईचा. शनिवारच्या कार्यक्रमात एका जुन्या जॅझ गाण्यात धाकटीने एकटीने, सुचेल तसं वाजवायचं होतं. पण मध्येच चाल दुसऱ्या पट्टीत वळली, की हिची गाडी हमखास घसरायची. त्या दिवशीही घसरली. उद्यापर्यंत जमलं नाही तर तो भाग ट्रम्पेटवाल्याला, असं बजावून ताई बाकीच्यांना घेऊन कॉफीला गेली.

नवा पियानोवाला मागे थांबला, पण शिकवायला बसला नाही. वळणावर तिला काय ऐकू येतं, एवढंच त्याने विचारलं. काहीच नाही, ती म्हणाली; बोटं पाठ केलेलं वाजवतात, कान बिचारे भीतीने मिटलेले. मग त्याने वळणाच्या अलीकडची कॉर्ड वाजवली, नंतर पलीकडची… पुन्हा अलीकडची. प्रत्येक कॉर्ड फोडून तिच्यात एकत्र वाजणारे सूर सुटे करून दाखवले.

“सगळं बदलत नाही,” तो म्हणाला. “हा एक सूर दोन्हीकडे आहे. तो धरून ठेवा. खालचं मी बदलतो.”

तिने तो सूर लांबवला. खाली कॉर्ड पालटली, आणि तिच्या त्याच सुराला भलताच गोड रंग चढला. तिच्या अंगावर काटा आला. तिने वर पाहिलं – तो पियानोकडे नाही, तिच्याकडेच बघत होता.

शनिवारीही पियानोवर तोच होता. तिने वळणावर तोच सूर धरला. पुढे जे वाजलं ते तिने कधीच पाठ केलं नव्हतं. ट्रम्पेटवाल्यानेच आधी टाळी वाजवली.

नंतर आवराआवर चालली होती. नेहमीचा पियानोवाला बरा होऊन सोमवारच्या तालमीपासून परत येणार होता. ताईने याचे आभार मानले. हा कोटाची बटणं लावत उगाच रेंगाळला.

“सोमवारी… तुम्ही नाही येणार?” तिने विचारलं.

“आता बँडला माझी गरज नाही.”

“बँडला नसेल.”

“मग कुणाला आहे?”

“सगळं फोडून सांगावं लागतं का तुम्हाला?”

“कॉर्ड असती तर मीच फोडली असती,” तो म्हणाला. “हे तुम्ही सांगा.”

ती गोरीमोरी झाली. मग सरळ त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “मला आहे. तू ये.”

ते ‘तू’ ताईनेही ऐकलं. तिने ड्रमवाल्याचा दंड धरला आणि त्याला गाडीत सामान भरायला बाहेर नेलं.